‘ट्वायलाइट ऑफ द सुपरहिरोज’ समोर ठेवून कॉमिक मालिकेचा प्रस्ताव कसा लिहावा

ॲलन मूर या इंग्लिश लेखकानं १९८६-८७च्या सुमारास सुपरमॅन-बॅटमॅनच्या गोष्टी छापणाऱ्या डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशकासाठी ‘ट्वायलाइट ऑफ द सुपरहिरोज’ नावाचा एक प्रस्ताव लिहिला. अंकांवर वाचकाच्या वयोगटाची लेबलं लावणं आणि हक्क-मानधन यांवरून मूर आणि डीसी यांचं बिनसलं आणि मालिका निघालीच नाही. तरी आज सुपरहिरो लिहू पाहणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा वाचायला द्यावा असा हाच मजकूर आहे. छापलेल्या कॉमिकमध्ये लेखकाचे निर्णय चित्रांखाली झाकले जातात. इथे ते उघडे आहेत: हे का करायचं, वाचकाला काय मिळेल, प्रकाशकाच्या हाती काय उरेल, आणि मग गोष्ट काय. मालिका कधीही न पाहणाऱ्या माणसालाही गोष्ट पूर्ण मिळाल्याचं समाधान या प्रस्तावातून मिळतं. आपला प्रस्तावही असाच उतरायला हवा, आणि तो तसा उतरवण्याची रीत पुढे दिली आहे.

आधी मूळ मजकूर हातात घ्या

हा मजकूर १९९०च्या दशकात इंटरनेटवर फिरू लागला. त्या टंकलेल्या प्रती चुकांनी भरलेल्या आहेत. डीसीनं २०२०च्या अखेरीस ‘डीसी थ्रू द एटीज: द एंड ऑफ एराज’ या संकलनात तो अधिकृतपणे छापला. अभ्यासाला तीच प्रत वापरा.

सोबत तीन मालिका वाचलेल्या हव्यात, नाहीतर प्रस्तावाची सुरुवात हवेत लटकलेली वाटते. मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ (१९८४-८५, १२ अंक), डीसीची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ (१९८५-८६, १२ अंक) आणि फ्रँक मिलरची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६, ४ अंक). पहिलीमागे मॅटेल कंपनीची खेळणी होती. दुसरीनं डीसीच्या अनेक समांतर पृथ्वी मोडून एकच उरवली. तिसरीनं बॅटमॅनला म्हातारपण आणि अखेर दिली. मूरचा प्रस्ताव या तिन्हींशी बोलतो.

एकदा सलग वाचा. दुसऱ्या वाचनात पाच रंगांच्या पेन्सिली घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाला एक रंग द्या: कारण, जग, पात्रं, कथानक, विक्री. पानं रंगली की दिसेल की कथानकाचा रंग बराच उशिरा येतो. नवशिक्या लेखकाच्या प्रस्तावात पहिल्या ओळीपासून मारामारी सुरू असते, आणि संपादकाला ती कुणाची, कशासाठी, हेच कळत नाही.

कथा थोडक्यात अशी. काही दशकांनंतरची अमेरिका. जुन्या सामाजिक संस्था कोसळल्या आहेत आणि लोक सुपरहिरोंच्या आश्रयाला गेले आहेत. आता त्यांची घराणीच राज्य करतात. सुपरमॅन आणि वंडर वुमन यांचं हाउस ऑफ स्टील आणि कॅप्टन मार्व्हलच्या (‘शझॅम’ म्हणून शक्ती मिळवणारा डीसीचा नायक) कुटुंबाचं हाउस ऑफ थंडर ही सर्वांत बलाढ्य. त्यांच्यात सोयरीक ठरली आहे. ती झाली तर त्यांच्यापुढे उभं राहायची कुणाची ताकद उरणार नाही, म्हणून बाकीची घराणी धास्तावली आहेत. बॅटमॅन लपून कट रचतो आहे. या सगळ्यांच्या मधे जॉन कॉन्स्टंटाइन हा चलाख जादूगार फिरतो आहे, जो भविष्यातून आपल्याच तरुण रूपाला निरोप धाडतो.

पहिली दोन पानं: कारणं

मूर सुरुवातीला गोष्ट सांगतच नाही. मोठा क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांमधून एकदम चालणारी गोष्ट, चांगला कधी होतो याच्या अटी तो मांडतो. एक मालिका वाचणाऱ्याला दुसरी घ्यायला लावताना त्याला फसवल्यासारखं वाटू नये. जोडण्यामागे खरं कारण हवं. गोष्ट संपल्यावर त्यातून नव्या मालिका निघाव्यात, जुन्यांना उभारी यावी. पोस्टर, टी-शर्ट, खेळ यांचाही विचार तो मोकळेपणानं करतो. व्यापाराबद्दल तो लाजत नाही, आणि व्यापारासाठी वाचकाची अक्कलही कमी लेखत नाही. नव्या लेखकानं घ्यावा असा हा सर्वांत मोठा धडा आहे.

तुमच्या प्रस्तावात हा भाग दीड ते दोन पानांचा ठेवा. लिहिण्याआधी समोरच्या संपादकाच्या चिंतांची यादी काढा आणि प्रत्येकीला एका परिच्छेदात उत्तर द्या. चिंता साधारण याच असतात: आमची आधीची गोष्ट न वाचलेला माणूस हे वाचू शकेल का? किती पानं, किती अंक, काळं-पांढरं की रंगीत? यातलं पात्र मेलं तर पुढे आम्ही काय छापायचं? असंच काहीतरी गेल्या दोन वर्षांत येऊन गेलं आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या मालिकेचं नाव घ्या आणि फरक एका वाक्यात सांगा. नाव टाळलंत तर संपादकाला वाटतं की तुम्ही ती वाचलेलीच नाही.

‘क्रायसिस’विषयी मूरचं म्हणणं नीट पाहा. एकदा प्रकाशकानं ‘ती जुनी गोष्ट घडलीच नाही’ असं ठरवलं की आज वाचत असलेली गोष्टही उद्या पुसली जाईल, हे वाचकाला कळतं आणि त्याचं मन त्यातून उडतं. तक्रार इथे थांबत नाही. लगेच तो आपल्या कथेत त्यावर तोडगा देतो: काळाच्या प्रवाहात एक ‘फ्लूक’, म्हणजे खळबळ, निर्माण झालेला आहे, त्यामुळे हे भविष्य शक्यता म्हणून उभं राहतं, सक्ती म्हणून नाही. तेव्हा डीसीच्या चालू मालिकांना या भविष्याचं ओझं होत नाही. दोष दाखवायचा असेल तर त्याच परिच्छेदात दुरुस्ती द्या. नुसती टीका असलेला प्रस्ताव परत येतो.

शेवट आधी ठरवा

मूरचा मुद्दा असा की दंतकथेला अखेर लागते. नॉर्स देवांना रॅग्नारॉक हे अंतिम युद्ध आहे, रॉबिन हूडला शेवटचा बाण आहे. आपल्याकडे महाभारतातही मौसलपर्व आहेच: कृष्णाच्या डोळ्यांदेखत यादव एकमेकांना मारतात आणि मग सगळ्या कथेला वेगळंच वजन येतं. महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या सुपरहिरोला असा शेवट मिळत नाही, म्हणून तो दंतकथा होत नाही.

प्रस्ताव लिहिताना शेवट पूर्ण सांगा. ‘पुढे काय होतं ते वाचकांना मालिकेतच कळेल’ हे वाक्य संपादकासाठी लिहिलेल्या कागदावर कधीच नको. त्याला खर्च मंजूर करायचा असतो, उत्कंठा नको असते. मूर आपलं सर्वांत मोठं रहस्यही फोडून टाकतो.

शेवट लिहिण्याची कृती अशी. आधी शेवटच्या पानावरचं चित्र एका वाक्यात लिहा. मग त्याच्या लगेच आधी काय घडलं पाहिजे ते लिहा. असं मागे-मागे जात दहा-बारा पायऱ्या सुरुवातीपर्यंत आणा. एखादी पायरी ‘आणि योगायोगानं’ या शब्दांशिवाय जोडता येत नसेल तर तिथे एखाद्या पात्राची इच्छा कमी पडली आहे. ती शोधा. योगायोग संकट आणायला चालतो, सोडवायला चालत नाही.

जग: एकच गोष्ट बदला आणि तिचा माग काढा

‘ट्वायलाइट’चं जग गुंतागुंतीचं दिसतं, पण मुळात बदल एकच आहे: संस्था कोसळतात आणि माणसं शक्तिमान व्यक्तींकडे धाव घेतात. त्यातून सत्ता आली, सत्तेतून वारसा, वारशातून लग्नं, लग्नांतून भीती. सरंजामशाहीचा सगळा डोलारा त्या एका बदलातून आपसूक उभा राहिला.

हे करून पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या जगातली सगळी वीज दामिनी नावाच्या एका महानायिकेच्या अंगातून येते. आता प्रश्न विचारत जा. ती झोपते तेव्हा काय होतं? साठवणीच्या बॅटऱ्या कुणाच्या मालकीच्या आहेत? जुन्या वीजकेंद्रातले कामगार कुठे गेले? तिला मुलगी झाली आणि तिच्यात अर्धीच शक्ती आली तर? ती म्हातारी होते आहे हे किती जणांना माहीत आहे? या पाच प्रश्नांतून तीन गट निघतात: बॅटरीवाले, जुने कामगार आणि मुलीच्या बाजूचे. दुसरा चमत्कार आणण्याची गरजच पडत नाही.

प्रत्येक गटासाठी चार ओळी लिहा: त्यांना काय हवं, कशाची भीती, कुणावाचून त्यांचं अडतं, आणि जिंकल्यावर ते काय गमावतील. चौथी ओळ जमत नसेल तर तो गट फक्त खलनायकांची गर्दी आहे, काढून टाका.

मूरकडे अनेक घराणी आहेत: स्टील, थंडर, टायटन्स, जस्टिस, मिस्टरी, सीक्रेट्स, टुमॉरो, लँटर्न्स. त्याला हे परवडलं, कारण ‘टायटन्स’ म्हटल्याबरोबर डीसीच्या वाचकासमोर टीन टायटन्स या तरुण नायकांच्या गटाचे चेहरे उभे राहतात. ही मंडळी मोठी होऊन कशी झाली असतील, एवढंच सांगायचं उरतं. तुमची पात्रं नवी असतील तर ही सवलत नाही. चार अंकांच्या मालिकेत तीन गट, फार तर चार. त्यापुढे प्रत्येक गटाच्या ओळखीला किमान चार-पाच पानं जातात आणि गोष्ट सुरू होईपर्यंत दुसरा अंक संपतो.

पात्रांचा तक्ता

प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एक परिच्छेद पुरतो, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: आधी कोण होता, आता कोण आहे, आणि या दोन्हींमधे काय घडलं. पहिली दोन सगळेच लिहितात. तिसरी गाळली की पात्राचा बदल लेखकाच्या लहरीवर सोडल्यासारखा वाटतो.

रहस्य रचताना पात्राच्या जुन्या नियमाचा वापर कसा करावा, याचा ‘ट्वायलाइट’मधला नमुना फार सुंदर आहे. क्वेश्चन हा गुप्तहेर बंद खोलीतल्या एका खुनाचा तपास करतो. मृत माणूस बांधलेला आहे आणि त्याच्या तोंडात बोळा आहे. तो बिली बॅट्सन असतो, म्हणजेच कॅप्टन मार्व्हलचं मानवी रूप. बिलीची सगळी शक्ती ‘शझॅम’ हा शब्द उच्चारण्यात आहे, त्यामुळे तोंड बंद केलेला बिली साधा माणूस ठरतो. मग हाउस ऑफ थंडरमध्ये कॅप्टन मार्व्हल म्हणून वावरतो आहे तो कोण? तो रूप बदलू शकणारा मार्शियन मॅनहंटर निघतो. दोन्ही उत्तरं वाचकाला वर्षानुवर्षं माहीत असलेल्या नियमांतून येतात. नवं यंत्र नाही, नवा मंत्र नाही. तुमचं रहस्य सोडवणारा नियम पहिल्या अंकात, दुसऱ्याच कुठल्यातरी निमित्तानं, वाचकाला दाखवलेला असला पाहिजे. प्रस्तावात त्याचं पानही सुचवून ठेवा.

साक्षीदार कोण?

महाकाय पात्रांच्या गोष्टीत वाचकाला डोळ्यांच्या उंचीवरचा माणूस लागतो. मूरनं कॉन्स्टंटाइन निवडला. हे पात्र त्याचं, स्टीव्हन बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांचं; मूर लिहीत असलेल्या ‘स्वॉम्प थिंग’ या डीसीच्या मालिकेत १९८५ साली आलेलं. उडता येत नाही, पोलादी अंग नाही. आहे ती बोलबच्चनगिरी आणि माणसं ओळखण्याची हातोटी. या निवडीनं मूर एका वेळी तीन कामं साधतो. वाचकाला वाटाड्या मिळतो. चालू काळ आणि भविष्य जोडले जातात. आणि इतर मालिकांशी दुवा तयार होतो: तरुण कॉन्स्टंटाइन त्या-त्या नायकाला भेटून येणाऱ्या संकटाची सूचना देतो. इतर मालिकांच्या लेखकांना यासाठी आपली गोष्ट मोडावी लागत नाही.

त्यात शेवटची कलाटणीही निरोपाच्या या चौकटीतच आहे. म्हाताऱ्या कॉन्स्टंटाइननं तरुणाला सगळं खरं सांगितलेलं नसतं. संकट टाळण्यासाठी म्हणून दिलेला निरोप ते घडवून आणण्यासाठीच होता. मलातरी हा प्रस्तावाचा सर्वांत भक्कम भाग वाटतो, कारण चौकट इथे नुसती सजावट राहत नाही, तीच कथेचा सापळा होते.

तुमच्या साक्षीदाराची परीक्षा सोपी आहे. त्याला काढून टाका आणि कथानक पुन्हा वाचा. काहीच बदललं नाही तर तो निवेदक आहे, साक्षीदार नाही. दामिनीच्या गोष्टीत वीजकेंद्रातून काढलेली मीटर तपासणारी बाई साक्षीदार होऊ शकते, कारण दामिनीचा प्रवाह कमी होतो आहे हे आकड्यांवरून तिलाच आधी कळेल.

पानांचा हिशेब

इथे बहुतेक प्रस्ताव कोसळतात. अमेरिकी पद्धतीच्या अंकात कथेला साधारण २० ते २२ पानं मिळतात. चार अंक धरले तर २२ च्या हिशेबानं ८८ पानं. पानाला सरासरी पाच चौकटी म्हणजे ४४० चौकटी. आता कथानकातल्या घटना मोजा. त्या ४० असतील तर प्रत्येकीला सरासरी २.२ पानं येतात. त्यात मोठी लढाई १० पानं खाते, पहिल्या अंकात जगाची ओळख ६ पानं घेते. उरलेल्या ७२ पानांत ३८ घटना, म्हणजे दोन पानांहूनही कमी. संवादाला जागाच उरत नाही. अशा वेळी घटना २५ पर्यंत खाली आणा, मारामारी छोटी करून भागत नाही.

शब्दांचंही तसंच. सुपरमॅनचे जुने संपादक मॉर्ट वाइझिंगर यांचा नियम मूरनं लेखकांना सांगितलेला आहे: पानावर सहा चौकटी असतील तर चौकटीला जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. संवादाच्या एका फुग्यात २५ शब्दांच्या पुढे जाऊ नका. मराठीत लिहीत असाल तर आणखी आखडता हात घ्या. शब्द कमी लागले तरी जोडाक्षरं, वेलांट्या आणि मात्रा यांमुळे ओळींतलं अंतर वाढतं आणि फुगा उंच होतो. नमुन्याचं पान तयार करताना लेटरिंग (चित्रांवर अक्षरं बसवणं) करणाऱ्याकडून एक फुगा खऱ्या आकारात बसवून घ्या, म्हणजे अंदाज येतो.

अंकवार आराखड्यात प्रत्येक अंकासाठी अर्धं पान द्या. अंक कुठल्या चित्रावर संपतो ते वेगळ्या ओळीत लिहा. डाव्या-उजव्या पानांचं भानही ठेवा: धक्का देणारं चित्र पान उलटल्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर वाचकाच्या नजरेला ते आधीच सापडतं.

लांबी, भाषा आणि पाठवणं

मूरचा प्रस्ताव लांबलचक आणि गप्पा मारल्यासारखा आहे. ते त्याला शोभलं, कारण ‘स्वॉम्प थिंग’ आणि ‘वॉचमेन’मुळे वाचणारी मंडळी त्याला ओळखत होती. अनोळखी लेखकानं त्याची रचना घ्यावी, ऐसपैसपणा घेऊ नये. दोन कागद तयार करा. पहिला एका पानाचा सारांश, शेवटासकट. दुसरा आठ ते बारा पानांचा पूर्ण प्रस्ताव, मागितला तरच पाठवायचा. मात्र पूर्ण प्रस्तावात तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. कार्यालयीन टिपणीच्या भाषेत लिहिलेली गोष्ट कुणाला दिसत नाही.

डीसी आणि मार्व्हल न मागवलेले लेखकांचे प्रस्ताव घेत नाहीत, त्यामुळे सुपरमॅनची गोष्ट लिहून त्यांना पाठवण्यात अर्थ नाही. हक्क लेखक-चित्रकारांकडे ठेवणारे इमेजसारखे प्रकाशक प्रस्ताव पाहतात, पण त्यांना नुसते शब्द चालत नाहीत: सारांशाबरोबर लेटरिंग झालेली काही पूर्ण पानं, साधारण पाच, आणि मुखपृष्ठाचा नमुना लागतो. म्हणजे चित्रकार आधीच जोडीला हवा. त्याच्याशी मानधन आणि हक्कांची वाटणी लेखी करा, तीही पहिलं पान काढण्याआधी.

प्रस्तावाची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपा. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, ती मांडणाऱ्या मजकुराला आहे. ‘सुपरहिरोंची घराणी’ ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. मूरची वाक्यं, त्याची घराणी, त्याची पात्रांची मांडणी तुम्ही उचलू शकत नाही.

दुसऱ्यांची पात्रं वापरत असाल तर प्रत्येकाचा मालक लिहून ठेवा. बॅटमॅनच्या कटात मूर शॅडोसारख्या जुन्या पल्प (स्वस्त कागदावरच्या) मासिकांतल्या नायकालाही घेतो, आणि शॅडो डीसीकडे केवळ परवान्यानं होता. परवाना संपला की पुस्तक पुन्हा छापता येत नाही. अशा प्रत्येक जागेसाठी एक बदली पात्र आधीच ठरवा.

प्रभाव की योगायोग: पडताळणी कशी करावी

‘ट्वायलाइट’विषयी बोलताना सर्वांत आधी नाव येतं ‘किंगडम कम’चं. मार्क वेड आणि ॲलेक्स रॉस यांची ही चार अंकांची मालिका १९९६ साली एल्सवर्ल्ड्स या छत्राखाली (नेहमीच्या मालिकांबाहेरच्या कल्पित गोष्टींसाठीचं डीसीचं नाव) निघाली. वय झालेले डीसीचे नायक, सुपरमॅन-वंडर वुमनचं नातं, आपली वेगळी योजना चालवणारा बॅटमॅन, अखेरीला सुपरमॅन विरुद्ध कॅप्टन मार्व्हल. यादी ऐकली की नक्कल वाटते. पण घाईनं निकाल देऊ नका. आपलंच काम कुणाच्या छायेत आहे का हे तपासायलाही हीच पद्धत कामी येते.

प्रत्येक साम्यासमोर तीन प्रश्न लिहा. हे साम्य सामग्रीतूनच येतं का? सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल यांची झुंज घ्या: सुपरमॅन छापणाऱ्या नॅशनलनं (आजचं डीसी) कॅप्टन मार्व्हल छापणाऱ्या फॉसेटवर १९४१ साली खटला भरला, तो १९५३ साली तडजोडीनं मिटला, आणि तेव्हापासून या दोघांना समोरासमोर उभं करण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होत आला आहे. म्हणून या साम्याचं वजन कमी. दुसरा प्रश्न: दोघांचा पूर्वज एकच आहे का? म्हातारा बॅटमॅन दोघांनीही मिलरकडून घेतला असणार. तिसरा: ते साम्य कथेत तेच काम करतं का? ‘किंगडम कम’मधला कॅप्टन मार्व्हल हा खराच बिली आहे, सुपरमॅनचा शत्रू लूथर याच्या ताब्यातला, आणि शेवटी स्वतःचा बळी देणारा. ‘ट्वायलाइट’मध्ये तो बिली नाहीच. एकात संघर्ष जुन्या आणि नव्या पिढीचा आहे, दुसऱ्यात घराण्यांचा. एकाच्या शेवटी नायक माणसांत परततात, दुसऱ्यात माणसांची नायकांपासून सुटका होते.

१९९९ साली ‘किंगडम कम’च्या पुढच्या मालिकेत, ‘द किंगडम’मध्ये, आलेला हायपरटाइमही असाच तपासा. अनेक शक्य काळप्रवाह एकमेकांत मिसळू शकतात ही कल्पना मूरच्या फ्लूकजवळ जाते. पण ‘क्रायसिस’नं निर्माण केलेली एकाच काळरेषेची अडचण सगळ्यांनाच छळत होती. सारखी अडचण असली की सारखी उत्तरं निघतात.

असं गाळून उरतं ते खरं ऋण. ‘ट्वायलाइट’च्या बाबतीत ते मुख्यतः रीतीत आहे: भविष्याला शक्यता म्हणून मांडणं, आणि सुपरहिरोंच्या सत्तेला राजकारण, वारसा, सोयरिकी यांच्या हिशेबात पाहणं. तुमच्या प्रस्तावात तीन प्रश्नांनंतरही एखादं साम्य उभं राहिलं तर ते लपवू नका. कारणांच्या भागात त्याचं नाव घ्या, किंवा तो भाग पुन्हा रचा.

नकार आल्यावर

हक्काच्या अडचणीमुळे नाकारलेला प्रस्ताव मोडीत काढू नका. त्यासाठी मूरचाच दुसरा प्रस्ताव पाहा. डीसीनं विकत घेतलेल्या चार्ल्टन कॉमिक्सच्या पात्रांवर त्यानं एक खूनकथा मांडली होती. संपादक डिक जोर्डानो यांना दिसलं की ती छापली तर ही महागामोलाची पात्रं पुढे वापरण्याजोगी राहणार नाहीत. त्यांनी नवी पात्रं घडवायला सांगितलं, आणि ‘वॉचमेन’ (१९८६-८७) झालं. क्वेश्चनच्या जागी रोर्शाक आला, कॅप्टन ॲटमच्या जागी डॉक्टर मॅनहॅटन, ब्लू बीटलच्या जागी नाइट आउल, पीसमेकरच्या जागी कॉमेडियन.

हे काम नुसती नावं आणि पोशाख बदलून होत नाही. प्रत्येक पात्राचं कथेतलं काम एका ओळीत लिहा, त्याचं नाव न घेता. उदाहरणार्थ: ‘सत्याशी तडजोड न करणारा, चेहरा लपवणारा गुप्तहेर’. त्या ओळीवरून पात्र नव्यानं उभं करा: त्याचं बालपण, राहण्याची जागा, बोलण्याची ढब, शक्तीची किंमत. मूळ पात्रावर मालकाचं बंधन होतं म्हणून जे करता येत नव्हतं त्यातली निदान एक गोष्ट नव्या पात्राला करू द्या. डॉक्टर मॅनहॅटन माणसांपासून जितका दूर जातो तितकं दूर कॅप्टन ॲटमला कुणी जाऊ दिलं नसतं. मग ओळखीच्या एखाद्या वाचकाला नवा मसुदा द्या आणि हे कुणावर बेतलं आहे ते सांगू नका. जिथे तो जुन्या पात्राचं नाव घेईल, तिथे काम बाकी आहे.